फोटोत काही नाही

मार डोंबिवलीत बसला, डॉक्टर ठाण्यात भेटले आणि फोटो कल्याणात निघाला. लेकीच्या एका दातासाठी आम्ही मध्य रेल्वेच्या या तीन स्टेशनांत वर्षभर ये-जा केली. दात वरचा, पुढचा, डावीकडचा. ती हसली की सगळ्यात आधी दिसतो तोच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी, अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुलींची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आमची लेक तेव्हा आठवीत होती आणि दोन वर्षांपासून खो-खो खेळत होती. त्या सामन्यानंतर मैदानावरच्या एकजात सगळ्या मुलींना खांबावर सूर मारायचा होता. ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मैदानाच्या दोन टोकांना लाकडी खांब असतात, जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटर उंच. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालते, तेव्हा मागून आलेली एका हाताने खांब धरून अंग झोकून देते आणि तिला टिपते. जमलं तर देखणं दिसतं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ते जमलं नाही. हात खांबावरून निसटला आणि तोंड खांबावर आपटलं.

मी पोचले तेव्हा ती मैदानाच्या कडेला बर्फाचा खडा ओठाला लावून बसली होती. ओठ आतून फाटला होता, त्या दाताच्या हिरडीच्या कडेने रक्ताची बारीक रेघ होती आणि दात किंचित हलत होता. तुटला नव्हता, टवकाही उडाला नव्हता. "आई, मुलगी बाद झाली," हे तिने आधी सांगितलं.

डोंबिवलीतले दवाखाने रात्री साडेनऊ-दहापर्यंत उघडे असतात, कारण पेशंट साडेआठच्या लोकलने उतरतात. आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी तिला लगेच घेतलं. तोंडात छोटा सेन्सर ठेवून आरव्हीजी काढला. आरव्हीजी म्हणजे एका-दोन दातांचा छोटा डिजिटल एक्स-रे, क्षणात पडद्यावर येणारा. त्यात मूळ अखंड दिसत होतं, मलासुद्धा. "फोटोत काही नाही. मुका मार आहे. दहा-बारा दिवस मऊ खायचं, दात आपोआप घट्ट बसेल." आम्ही सुटकेचा श्वास टाकला, खाली येऊन आइस्क्रीम घेतलं. सासूबाईंनी लवंगेचं तेल काढून ठेवलं होतं, ते लावायचं राहून गेलं.

दहा-बारा दिवसांचे वीस झाले. दात घट्ट बसला नाही. हाताने हलवला तर फारसा हलायचा नाही, पण डोसा तोडताना ती चेहरा वाकडा करायची. एकदा म्हणाली, "चावताना हा दात लांब झाल्यासारखा वाटतो." मी ते वाक्य मुलीची कल्पनाशक्ती म्हणून सोडून दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. मग एके सकाळी खिडकीपाशी उजेडात तो दात शेजारच्यापेक्षा किंचित मळकट वाटला.

पुन्हा त्याच डॉक्टर. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून बोळा दातांना लावला. शेजारच्या दाताला लागताच लेक दचकली, या दाताला काहीच कळलं नाही. "नस मेलेली दिसते. रूट कॅनल करून टाकू." नवऱ्याने तारीखसुद्धा ठरवली. मी ठाण्याला नोकरी करते. नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणाच्याही दुखण्यावर सहा जणी सहा उपाय सांगतात. त्यातली एक म्हणाली, चौदाव्या वर्षी पुढच्या दाताचं रूट कॅनल करण्याआधी फक्त तेच काम करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखव, आणि स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. सहांपैकी एक उपाय बरोबर निघायचाच.

शनिवारी दुपारी आम्ही स्लो लोकल धरली. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. दिव्याला चढणारी गर्दी वर्षानुवर्षं पाहिली आहे, पण त्या दिवशी मला तिथे फक्त कोपरं दिसत होती. लेकीला कोपऱ्यात उभी करून माझी पर्स तिच्या तोंडासमोर ढालीसारखी धरून उभी राहिले. ती लाजेने अर्धी झाली.

ठाण्याच्या डॉक्टरांनी आधी कुठलंही यंत्र हाती घेतलं नाही. गप्पा मारल्या. पडलीस तेव्हा तोंड उघडं होतं का? कशावर आपटलीस? खांबावर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "सूर मारताना मान वर होती ना गं?" मग दातावर आरशाच्या दांड्याने टिचक्या मारल्या. डाव्या हाताचं बोट हिरडीवर, मुळाच्या उंचीला ठेवलं आणि उजव्या हाताने दात मागे-पुढे ढकलला. दोनदा, तीनदा. मग मला म्हणाले, "मॅडम, नुसता ढिला झालेला दात मुळाच्या टोकाशी धरल्यासारखा सगळाच्या सगळा हलतो. हा मधूनच हलतोय."

त्यांनीही आरव्हीजी काढले, पण दोन. एक नेहमीसारखा, दुसरा यंत्राचा तोंडाशी असलेला नळा बराच वर करून, वेगळ्या कोनातून. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात मुळाच्या मध्यावर एक पुसट, आडवी, अर्धवट रेघ, जिला दाखवल्याशिवाय मी रेघ म्हटलंच नसतं. "असेलही, नसेलही," ते म्हणाले.

मला राग आला होता. जे दुसऱ्या फोटोत दिसतं ते पहिल्यात का नाही? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी कधी विसरणार नाही, कारण ते रोजच्या प्रवासातलं होतं. जुन्या लोकलच्या खिडकीला पत्र्याची झडप असायची, तिरप्या पट्ट्यांची. ती खाली ओढली की सरळ बघणाऱ्याला बाहेरचं काही दिसायचं नाही. मान खाली घालून पट्ट्यांच्या तिरक्या रेषेत डोळा आणला की फलाट दिसायचा. दाताच्या मुळाचा तडा तसाच. किरण त्या फटीतून आरपार गेला तरच फोटोत काळी रेघ उमटते. तडा तिरका असेल आणि किरण सरळ आला, तर मूळ अखंड दिसतं. कोन पंधरा-वीस अंशांनी चुकला तरी पुरे. शिवाय मार ताजा असताना दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून असतात. मधल्या दिवसांत तुकडे जरा सरकतात, कडा थोड्या झिजतात, मग रेघ दिसायला लागते. म्हणजे त्या पहिल्या रात्रीचा फोटो खोटा नव्हता. त्याच्या आधारे काढलेला निष्कर्ष घाईचा होता.

"सीबीसीटी करून घ्या," ते म्हणाले. नाव ऐकून मी घाबरले. सीटी म्हटलं की डोळ्यांपुढे हॉस्पिटलातला बोगदा येतो. हा त्याचाच चुलत भाऊ, पण फक्त दात आणि जबड्यासाठी बनवलेला. मी ओपीजीबद्दल विचारलं, कारण तो सगळ्या दातांचा लांबलचक फोटो मी स्वतःचा काढला होता. त्यांनी मान हलवली. त्यात नेमक्या पुढच्या दातांवर मानेच्या मणक्याची सावली पडते, त्याचा इथे उपयोग नाही. चिठ्ठीवर त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या: कुठले दात, किती छोटं क्षेत्र आणि शंका काय. "शंका लिहिली नाही तर तिकडचा माणूस काय शोधणार?"

स्कॅन ठाण्यातच होत होता, पण माझं माहेर कल्याणला. भाऊ पारनाक्याला राहतो, आणि त्याच्या ओळखीचं एक सेंटर स्टेशनच्या बाजूलाच होतं. "ताई, इथे ये, जेवूनच जा," म्हणाला. रविवारी सकाळी गेलो. भिंतीवर किरणोत्सर्गाचं ते तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याची चौकट. हे मंडळ आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. दवाखान्यातल्या एवढ्याशा एक्स-रे यंत्रालाही त्यांच्या नियमांतून जावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता मी कुठेही गेले तरी आधी ती चौकट शोधते.

लेकीने कानातले, केसांतली क्लिप, गळ्यातली साखळी काढून माझ्या हातात दिली. अंगावर शिशाचा जड एप्रन आला. उभं राहायचं, हनुवटी एका टेकूवर, पुढच्या दातांत प्लास्टिकची एक काडी धरायची, दोन्ही कानशिलांना आधार. "गिळायचं नाही, हलायचं नाही, डोळे मिटलेस तरी चालेल." आम्ही काचेमागे. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती एक फेरी मारून आला. वीस सेकंदही लागले नाहीत. "झालं?" तिने विचारलं. एवढ्या प्रवासानंतर काहीतरी मोठं होईल अशी तिची अपेक्षा असावी.

त्या एका फेरीत यंत्र काही शे फोटो काढतं. हॉस्पिटलातल्या सीटीत किरणांचा पंखा असतो, इथे शंकू, म्हणून जबड्याचा तेवढा भाग एकाच फेरीत पकडला जातो. मग संगणक त्या सगळ्या सावल्यांचा हिशेब मांडून मूळ वस्तू परत उभी करतो, बारीक घन ठिपक्यांची. छोट्या क्षेत्राच्या स्कॅनमध्ये एक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान असू शकतो. एकदा वस्तू उभी राहिली की तिला हवं तिथून कापता येतं. समोरून, बाजूने, वरून. दुधी चिरतो तसं, फक्त दुधी जागच्या जागी अखंड राहतो.

मला असल्या गोष्टींचा इतिहास शोधायची खोड आहे. राँटगेनला क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या ओटो वाल्कहोफ नावाच्या दातांच्या डॉक्टरने स्वतःच्याच जबड्याचा फोटो काढवून घेतला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटं किरणांत पडून होता. अमेरिकेतला एडमंड केल्स हा दातांच्या एक्स-रेचा आद्य पुरस्कर्ता. यंत्र जुळवताना रोज स्वतःचा हात किरणांत धरायचा. बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्याने स्वतःला संपवलं. दातांचं त्रिमितीय यंत्र इटलीतल्या वेरोना शहरातल्या मंडळींनी आणि जपानमध्ये योशिनोरी अराई यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी स्वतंत्रपणे घडवलं. म्हणजे कल्याणच्या त्या खोलीत माझ्या लेकीभोवती फिरलेल्या हाताचं वय जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचं होतं.

केल्सची गोष्ट वाचून मी त्या रात्री झोपले नाही, हेही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी ठाण्याला फोन केला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आपल्या सगळ्यांवर जमिनीतून, आकाशातून, अन्नातून किरणं पडतच असतात. जगाची सरासरी काढली तर वर्षाला साधारण २,४०० मायक्रोसीव्हर्ट. चार-पाच दातांपुरता स्कॅन बहुधा शंभराच्या आत असतो. पण छोट्या एक्स-रेच्या मानाने तो बराच जास्त, आणि मूल लहान असलं की जपूनच वापरायचा. "म्हणून तर आधी बोट लावून बघितलं," ते म्हणाले.

त्या रविवारी सेंटरवर एक चूक होता होता राहिली. त्यांनी एक गुळगुळीत छापील पान दिलं, त्यावर वीस-पंचवीस चौकोनांत दाताचे काप. भाऊ म्हणाला, चला, झालं. पण चिठ्ठीवर "संपूर्ण डेटा" असं लिहिलेलं होतं. मी ते दाखवल्यावर त्यांनी पेन ड्राइव्हवर पूर्ण स्कॅन भरून दिला, सोबत बघायचं सॉफ्टवेअरही. छापील पानावर दुसऱ्या कुणीतरी निवडलेले काप असतात. तडा त्या दोन कापांच्या मध्ये असला तर तुमच्या डॉक्टरांना तो कधीच दिसणार नाही. अठराशे रुपयांची पावती फाडली होती, त्यातला खरा माल त्या पेन ड्राइव्हमध्ये होता. तुमच्यावर ही वेळ आली तर कागदावर समाधान मानू नका, एवढं जरूर लक्षात ठेवा.

वहिनीने लेकीसाठी मऊ भात, वरण आणि लाल भोपळ्याची भाजी केली होती. बाकीच्यांनी वडे खाल्ले. ती भाचरांचे वडे बघत बसली.

मंगळवारी ठाण्याला त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. दात पडद्यावर राखाडी रंगात उभा होता. माउसचं चाक फिरवत ते कडेकडेने आत गेले. काप, काप, काप. काहीच नाही. मग बाजूने कापलेल्या दृश्यात ती रेघ आली, आणि आता तिला कुणी दाखवायची गरज नव्हती. टाळूच्या बाजूला तडा खाली, हाडाच्या काठाजवळ सुरू होत होता आणि ओठाच्या बाजूला येईपर्यंत तिरका वर चढत गेला होता. समोरून काढलेल्या फोटोत मूळ अखंड का दिसलं, ते त्या एका चित्रात कळलं. नवरा पुढे वाकून बघत होता. लेक म्हणाली, "म्हणजे चावताना लांब होत होता ते खरं होतं."

खरं होतं.

डॉक्टरांचं लक्ष मात्र रेघेकडे नव्हतं, तिच्या खालच्या टोकाकडे होतं. टाळूच्या बाजूने तडा हिरडीच्या फटीत उघडत असेल तर तोंडातले जंतू थेट आत जातात आणि दात वाचणं कठीण. त्यांनी ठिपके मोजले. तडा हाडाच्या काठाच्या दीड मिलिमीटर आत थांबला होता. मग एक बारीक प्रोब, म्हणजे हिरडीच्या फटीची खोली मोजायची सळई, दाताभोवती फिरवून तपासलं, कुठेही खोल गेला नाही. खुर्चीत मागे टेकून ते म्हणाले, "रूट कॅनल नको. काढायचा तर प्रश्नच नाही. वाट बघायची."

ज्याचं मूळ तुटलं आहे तो दात ठेवायचा, आणि ज्या दाताला थंड कळत नाही त्याची नस तशीच सोडायची? आम्हाला हे पटायला वेळ लागला. त्यांनी समजावलं. मार बसल्यावर नस काही आठवडे, कधी तीन-तीन महिने बधिर राहते, म्हणजे ती मेली असं नाही. उलट मुळाला तडा गेलेल्या दातांत बहुतेक वेळा नस जगते आणि तडा आतून सांधला जातो. हाडाइतका पक्का नाही, पण पुरेसा. नस मेलीच तर रूट कॅनल करायचं, पण तेही तड्यापर्यंतच. वरचा तुकडा सहसा जिवंत राहतो. डेन्मार्कमधले येन्स आंद्रेआसन यांनी आयुष्यभर असल्या मार बसलेल्या दातांचा पाठपुरावा केला आणि एका अभ्यासात मुळाला तडा गेलेले चारशे दात तपासले. आजचे उपचार बरेचसे त्या कामावर उभे आहेत. आणि दात काढून इम्प्लांट बसवा असा सल्ला आमच्या एका नातेवाइकाने दिलाच होता. त्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, चौदाव्या वर्षी जबडा वाढतो आहे, इम्प्लांट वाढत नाही.

मग तिच्या पुढच्या दातांच्या मागून एक पातळ, लवचीक तार चिकटवली. तिला स्प्लिंट म्हणतात. चार आठवडे. त्यात वार्षिक परीक्षा आली आणि ३० मार्चला गुढीपाडवा. डोंबिवलीत पाडवा म्हणजे फडके रोड. नववर्ष स्वागतयात्रेची चालच १९९९ मध्ये आमच्या गणेश मंदिराने पाडली, आणि इथल्या मुलांना त्या दिवशी फडके रोडवर गेलो नाही तर वर्ष सुरू झालं असं वाटत नाही. लेक नऊवारी नेसून गेली. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत तिचे ओठ मिटलेले आहेत. घरी येऊन तिने श्रीखंड चमच्याने खाल्लं, पुरी बाजूला सारली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तार निघाली. दात हलत नव्हता. थंड बोळा लावला, काही नाही. जूनमध्ये लावला, तिने डोळे बारीक करून "कदाचित" म्हटलं. ऑगस्टमध्ये बोळा टेकताच ती खुर्चीतून उडाली. डॉक्टर हसले, मी बाहेर येऊन रडले. मळकटपणाही हळूहळू गेला. कधी गेला ते आमच्या लक्षात आलं नाही.

आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. आधी संकोच वाटत होता. त्यांनी पेन ड्राइव्ह मागून घेतला, दुपारभर स्वतः बघितला आणि परत देताना म्हणाल्या, "मी त्या रात्री दुसऱ्या कोनातून एक काढायला हवा होता." एवढं बोलायला मोठं मन लागतं. माझी पेशंट म्हणून फाइल अजूनही त्यांच्याकडेच आहे.

माझी फाइल उघडायची वेळही लगेच आली. दिवाळीत चकली चावताना खालची उजवी दाढ कळवळली. तिचं रूट कॅनल आठ वर्षांपूर्वी झालेलं, वर धातूची कॅप. मी आता जाणकार झाले होते, त्यामुळे डॉक्टरांनी म्हणायच्या आधी मीच "सीबीसीटी करू या" म्हटलं. तो झाला, आणि अहवालात लिहून आलं की कॅपच्या आणि मुळात भरलेल्या मसाल्याच्या सावलीमुळे उभा तडा आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. फोटोत मुळाभोवती काळे-पांढरे फराटे होते. तडा म्हणावा तर तडा, सावली म्हणावी तर सावली. दाट वस्तूभोवती हे यंत्र अशी खोटी रेघ काढतं, आणि खरी फट ठिपक्याहून बारीक असली तर ती गाळतंही. शेवटी निकाल लावला त्या साध्या प्रोबने. हिरडीभोवती सगळीकडे तीन मिलिमीटर, आणि एकाच अरुंद जागी एकदम नऊ. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी मुळावरची उभी चीर नुसत्या डोळ्यांना दाखवली. माझे स्कॅनचे पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही, पण हट्ट माझा होता.

लेक पुन्हा खेळते. तोंडात डॉक्टरांनी मापाने बनवलेला माउथगार्ड घालते, त्याला ती कवळी म्हणते, आणि तिच्या संघातल्या आणखी दोघींनी आता तो करून घेतला आहे. प्रशिक्षकांनी बर्फाच्या डब्याशेजारी दुधाची पिशवी आणून ठेवायची सवय लावली आहे, कारण दात मुळासकट निखळला तर दवाखान्यात पोचेपर्यंत तो दुधात ठेवायचा असतो.

या फेब्रुवारीत अपघाताला वर्ष झालं. ठाण्याला तपासणी झाली, छोट्या एक्स-रेवर. तडा अजून दिसतो आणि दिसतच राहील, पण कडा गोलसर झाल्या आहेत आणि भोवतालचं हाड नीट आहे. मी विचारलं, एकदा स्कॅन करून आतून नक्की काय झालंय ते बघू या का? डॉक्टर म्हणाले, "प्रश्न काय आहे ते सांगा, मग फोटो काढू." मला प्रश्न सुचला नाही. पाच वर्षं दरवर्षी बोलावलं आहे. पुढची तारीख फेब्रुवारी २०२७.